विश्लेषण : पाठीवर सॅक, समोर चार देश... युरोपचे बजेट नेमके बिघडते कुठे?

‘एक लाखात आठ देश’ अशा मथळ्याची रील ज्यावर आली नाही असा स्मार्टफोन आता सापडणे कठीण. त्या रीलमध्ये विमानाचे तिकीट ऑफरमधले असते, मुक्काम मित्राच्या घरी असतो आणि व्हिसाचा खर्च बहुतेक वेळा मोजलेलाच नसतो. ती पाहणाऱ्यांत फक्त पुण्या-मुंबईचे तरुण नाहीत. चाकण, रांजणगाव, हिंजवडीत नोकरी करणारे आणि शनिवार-रविवारी गावी परतणारे आंबेगाव-जुन्नरचे तरुणही आहेत. भीमाशंकर, जीवधन, हडसर पालथे घातलेल्या या पिढीला सॅक पाठीवर घेऊन चालण्याची सवय आहे. मग पुढचा टप्पा युरोप का नसावा?

नसावा असे काहीही कारण नाही. पण पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याचा हिशेब चुकला तर तो सावरायला वर्ष-दोन वर्षे लागतात. म्हणून घोडेगावजवळच्या शिनोलीसारख्या गावातून निघणाऱ्या, स्वतःच्या पगारावर जाणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणाचा किंवा तरुणीचा १६ दिवसांचा खर्च समोर ठेवून हा विषय समजून घेऊ.

हिशेब कोणत्या दराने करायचा?

युरोचा भाव रोज बदलतो. तिकीट काढताना असलेला भाव हॉस्टेलचे पैसे देताना नसतो. म्हणून बजेट आजच्या भावाने न मांडता थोडे वर धरून मांडावे. या लेखात १ युरो = ११० रुपये धरला आहे. प्रत्यक्षात भाव कमी निघाला तर फरक आपल्याच खिशात राहतो.

दुसरी गोष्ट, खर्चाचे तीन वेगळे कप्पे करावेत. निघण्याआधी होणारा खर्च, तिथे गेल्यावर होणारा खर्च आणि खात्यात शिल्लक दिसावी लागणारी रक्कम. रील्समध्ये फक्त दुसरा कप्पा असतो. फसगत होते ती पहिल्या आणि तिसऱ्या कप्प्यात.

घरातून पाऊल टाकण्याआधी किती पैसे जातात?

अंदाज असा :

• विमान, मुंबईहून जाऊन-येऊन : ६०,००० रुपये
• शेंगेन व्हिसा शुल्क, ९० युरो : ९,९०० रुपये
• व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क, कुरिअर, फोटो : २,५०० रुपये
• प्रवास विमा : २,००० रुपये
• पासपोर्ट नसेल तर साधे शुल्क : १,५०० रुपये
• गाव ते पुणे, मुंबई विमानतळ आणि व्हिसाच्या फेऱ्या : ४,००० रुपये

एकूण ७९,९०० रुपये. म्हणजे युरोपात एक कप कॉफी पिण्याआधीच जवळपास ८० हजार रुपये गेलेले असतात. हा आकडा चार दिवसांच्या सहलीलाही तेवढाच आणि वीस दिवसांच्या सहलीलाही तेवढाच. त्यामुळे ‘पाच-सहा दिवसांत पटकन जाऊन येऊ’ हा सगळ्यात महाग पर्याय ठरतो. सुट्टी एकदाच मोठी घ्यावी, हे पहिले सूत्र.

विमानाच्या तिकिटात एक बचत सहज करता येते. एका शहरात उतरावे आणि दुसऱ्या शहरातून परतावे. बर्लिनला उतरून बुडापेस्टहून परत, असे तिकीट बहुतेक कंपन्यांकडे मिळते. आल्या वाटेने माघारी येण्याचा रेल्वेखर्च आणि एक आख्खा दिवस वाचतो.

एका व्हिसावर किती देश?

शेंगेन करारातील २९ देशांत एकच व्हिसा चालतो. १९८५ मध्ये लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावात मूळ करार झाला, त्यावरून हे नाव. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, तर बल्गेरिया आणि रुमेनिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले. ब्रिटन आणि आयर्लंड यात नाहीत. लंडन जोडायचे म्हटले की वेगळा व्हिसा आणि वेगळे शुल्क.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, याचा नियम ठरलेला आहे. जिथे सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे. मुक्काम समान असतील तर ज्या देशात पहिले पाऊल टाकणार, त्याच्याकडे. ‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो’ म्हणून तिकडे अर्ज करायचा आणि मुक्काम भलतीकडेच ठोकायचा, हा सल्ला अंगलट येऊ शकतो.

व्हिसाने कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. पण हाती पडणारा व्हिसा बहुतेकदा अर्जातील तारखांपुरताच असतो. स्टिकरवर लिहिलेले दिवस तेच खरे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर ‘एंट्री-एक्झिट सिस्टीम’ टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यात चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदले जातात आणि दिवस संगणक मोजतो. शिक्का पुसट होता, ही सबब आता चालणार नाही.

व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतात?

नाही. आणि हीच या प्रवासातील सगळ्यात मोठी जोखीम आहे. २०२४ मध्ये भारतातून ११ लाखांहून अधिक शेंगेन अर्ज गेले. त्यातील सुमारे १५ टक्के नाकारले गेले. म्हणजे दर सात अर्जांमागे एक. शुल्क आणि सेवाशुल्क मिळून १२ हजारांच्या वर रक्कम तिथेच बुडते.

खरे नुकसान मात्र त्याहून मोठे होऊ शकते. व्हिसा हातात नसताना परतावा न मिळणारे ६० हजारांचे तिकीट आणि हॉस्टेलचे आगाऊ पैसे भरले असतील, तर नकाराच्या एका पत्रासोबत ७०-८० हजार जातात. युरोपीय व्हिसा नियमावलीत परतीच्या तिकिटाऐवजी त्याच्या आरक्षणाचाही पुरावा चालतो. म्हणून रद्द करता येणारे आरक्षण दाखवून अर्ज करावा. एजंटकडून बनावट बुकिंग घेऊ नये. ते पकडले गेले तर पुढचे अर्जही अडचणीत येतात.

विमा मात्र अर्जाआधीच लागतो. किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण आणि सर्व शेंगेन देशांत चालणारी पॉलिसी, ही अट आहे. दोन हजारांचा हा खर्च फुकट गेल्यासारखा वाटतो. पण गेल्या उन्हाळ्यात रंधा उतरताना घोटा मुरगळलेल्या प्रत्येक ट्रेकरला त्याची गरज सांगावी लागणार नाही. तेच युरोपात घडले तर एका रुग्णालयाच्या बिलात सगळी सहल जाईल.

खात्यात किती पैसे दिसले पाहिजेत?

प्रत्येक देशाचा दरडोई-दरदिवशी आकडा वेगळा आहे. जर्मनी दिवसाला ४५ युरो धरते. फ्रान्स हॉटेलचे आरक्षण असेल तर ६५ आणि नसेल तर १२० युरो मागते. पोर्तुगालचे सूत्र प्रवेशाचे ७५ युरो अधिक दिवसाला ४० युरो असे आहे. जर्मनीच्या हिशेबाने १६ दिवसांचे ७२० युरो, म्हणजे ७९,२०० रुपये होतात. ही किमान रेषा झाली. प्रत्यक्षात सहलीचा पूर्ण खर्च भागवून खाते रिकामे होणार नाही, हे अधिकाऱ्याला दिसावे लागते.

ग्रामीण अर्जदाराची खरी अडचण इथे येते. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे. त्यामुळे घरात द्राक्षे, टोमॅटो, कांद्याचे चांगले उत्पन्न असूनही प्राप्तिकर विवरणपत्रात ते ठळक दिसत नाही. अनेक व्यवहार रोखीत होतात, ते बँकेत दिसत नाहीत. वडील खर्च उचलणार असतील तर सातबारा उतारा, मंचर किंवा नारायणगावच्या बाजारातील विक्रीच्या पट्ट्या आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या बँकेतील जमा नोंदी एकत्र लावाव्यात. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडावे. नोकरदाराने पगाराच्या पावत्या, विवरणपत्र आणि कंपनीचे रजा मंजुरीचे पत्र द्यावे.

अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकाकडून दीड-दोन लाख खात्यात ‘फिरवून’ घेण्याची पद्धत सर्रास आहे. तीच सगळ्यात घातक. तीन ते सहा महिन्यांचा खातेउतारा पाहिला जातो आणि अचानक आलेली मोठी रक्कम लगेच नजरेत भरते. बारा महिने जमा होत गेलेले पैसे हाच सर्वात भक्कम पुरावा.

चार देश, १६ दिवस : तिथला खर्च किती?

मार्ग असा धरू : बर्लिन ५ रात्री, प्राग ४, व्हिएन्ना ३ आणि बुडापेस्ट ३. जर्मनीतील मुक्काम सर्वाधिक, म्हणून अर्ज जर्मनीकडे. ही चारही शहरे एका रेल्वेमार्गाच्या माळेत आहेत. बर्लिन ते प्राग चार तासांच्या थोडे वर, प्राग ते व्हिएन्ना सुमारे चार तास आणि व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. लवकर आरक्षण केले तर भाडे बरेच खाली येते.

• मुक्काम : हॉस्टेलच्या सामायिक खोलीत एक खाट. बर्लिन आणि व्हिएन्ना ३० युरो, प्राग २२, बुडापेस्ट १८. शहर करासह ४०० युरो
• जेवण : सरासरी दिवसाला २२ युरो. १६ दिवसांचे ३५२ युरो
• शहरातील मेट्रो, ट्राम, बस : दिवसाला ६ युरो. एकूण ९६ युरो
• शहर ते शहर रेल्वे किंवा बस : ७५ युरो
• संग्रहालये, प्रवेश शुल्के : १५० युरो
• ई-सिम, कपडे धुणे, सामानाचे लॉकर : ५० युरो

बेरीज १,१२३ युरो, म्हणजे सुमारे १ लाख २३ हजार ५०० रुपये. दिवसाला साधारण ७० युरो. हे आकडे गर्दीच्या जुलै-ऑगस्टचे नाहीत, मे किंवा सप्टेंबरचे आहेत. केवळ महिलांसाठीच्या खोलीचा दर काही ठिकाणी दोन-चार युरोंनी जास्त असतो, तो धरून चालावे.

आता यात निघण्याआधीचे ७९,९०० मिळवा. चलन बदलताना जाणारे तीन टक्के, म्हणजे ३,७०० मिळवा. अडचणीसाठी तिथल्या खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे १८,५०० राखून ठेवा. एकूण आकडा येतो २ लाख २५ हजार रुपये. काटकसरीच्या, पण माणसाने माणसासारखे राहून केलेल्या १६ दिवसांच्या प्रवासाचा हा खरा आकडा आहे. त्याच्या निम्म्यात होते असे कोणी सांगितले तर कोणता कप्पा गाळला आहे, एवढेच विचारावे.

देश सात केले तर?

तेवढ्याच १६ दिवसांत पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, म्युनिक, झुरिक, इन्सब्रुक आणि व्हेनिस बसवू. सात देश, सहा वेळा बाडबिस्तरा आवरणे. खाटेचा सरासरी दर ४५ युरो, जेवण ३२, शहरातील प्रवास ९, प्रत्येक शहरबदलाचे सरासरी ६० युरो, प्रवेश शुल्के २२० आणि किरकोळ ६०. बेरीज १,९७१ युरो, म्हणजे २ लाख १७ हजार रुपये. निघण्याआधीचा खर्च, चलनाची घट आणि राखीव रक्कम धरून एकूण ३ लाख ३५ हजारांच्या पुढे.

दोन्हींतला फरक १ लाख १० हजारांचा. दिवस तेवढेच, विमान तेवढेच, व्हिसा तोच. फरक फक्त नकाशाचा.

आता याची तुलना आपल्या आवडत्या बचतीशी करा. सॅकमध्ये ठेपले, चिवडा, शेंगदाण्याची चटणी नेली आणि जेवणात रोज ५ युरो वाचवले, तरी १६ दिवसांत वाचतात ८० युरो. म्हणजे ८,८०० रुपये. ही बचत वाईट नाही, जरूर करावी. पण बजेट जेवणाच्या टेबलावर बिघडत नाही. ते घरी, नकाशावर पेनाने गोल काढताना बिघडते.

या फरकात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत, त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. तिथल्या खर्चातील ८४८ युरोंच्या वाढीपैकी २८५ युरो, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, केवळ जास्त वेळा शहर बदलण्याचा आहे. उरलेला भाग महागड्या शहरांचा. म्हणजे पॅरिस किंवा स्वित्झर्लंडला जाऊच नये असे नाही. तिथे जायचे तर एकच महाग शहर निवडावे आणि बाकी दिवस स्वस्त शहरांत काढावेत.

शहरबदलात पैशांशिवाय वेळही जातो. खोली सोडणे, स्थानक गाठणे, नवीन शहरात हॉस्टेल शोधणे यात अर्धा दिवस सहज जातो. सहा बदलांत तीन दिवस. १६ दिवसांच्या सहलीत तीन दिवस फलाटावर. त्याउलट बुडापेस्टमध्ये एक दिवस जास्त राहिले तर खर्च वाढतो ४५ युरोच्या आसपास, म्हणजे पाच हजार रुपये.

रेल्वे पास घ्यावा का?

भारतीयांसाठी युरेल पास आहे आणि तो ३३ देशांत चालतो. २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना सवलतीचा युवा पास मिळतो. पण चार दिवसांच्या सवलतीच्या पासलाही २०० युरोच्या पुढे खर्च येतो. आपल्या चार शहरांच्या तीन प्रवासांचा खर्च ७५ युरो आहे. इथे पास तोट्याचा. रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्याला, ऐनवेळी बेत ठरवणाऱ्याला तो परवडतो. त्यातही फ्रान्स-इटलीतील वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात.

स्वस्त विमानांचेही तसेच. २० युरोच्या तिकिटात फक्त आसनाखाली मावेल एवढी छोटी पिशवी बसते. ट्रेकची ५० लिटरची सॅक घेऊन गेलात तर सामानाचे पैसे तिकिटाहून जास्त होऊ शकतात. सॅक ३५-४० लिटरची ठेवावी आणि रेल्वे-बसला पहिली पसंती द्यावी.

वाटेतले छुपे खर्च कोणते?

वाटेवर पैसे मोजावे लागतात, हे जुन्नर परिसराला कोणी शिकवायला नको. नाणेघाटातील दगडी रांजण जकातीचा रांजण म्हणूनच ओळखला जातो. युरोपातल्या आजच्या जकाती अशा :

• शहर कर : हॉस्टेलच्या दरात बहुधा नसतो, तिथे गेल्यावर घेतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तो मुक्कामाच्या दराच्या १२.५ टक्के आहे.
• परदेशी दर : पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या प्रौढ पर्यटकांसाठी तिकीट ३२ युरो केले आहे. साडेतीन हजार रुपये, एका तिकिटाला. अनेक ठिकाणी ‘२६ वर्षांखालील तरुणांना मोफत’ असे लिहिलेले असते, ते युरोपातील रहिवाशांसाठी असते. पासपोर्ट दाखवला की सवलत संपते.
• दिवसाचा प्रवेश कर : व्हेनिसमध्ये गर्दीच्या ठरावीक दिवसांत फक्त दिवसभरासाठी येणाऱ्याला २०२५ मध्ये ५ ते १० युरो मोजावे लागले.
• दंड : ट्राममध्ये तिकीट काढले, पण यंत्रात शिक्का मारला नाही तर ते अनेक शहरांत विनातिकीटच. तपासनीसाचा दंड दोन-तीन दिवसांच्या जेवणाएवढा असतो.

उलट बाजूही आहे. बर्लिनमध्ये राइशटागच्या काचेच्या घुमटात आगाऊ नाव नोंदवून मोफत जाता येते. बर्लिनच्या भिंतीचा चित्रांनी भरलेला उरलेला भाग, प्रागचा चार्ल्स पूल, बुडापेस्टचा डॅन्यूब काठ यांना तिकीट नाही. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभे राहून पाहण्याची तिकिटे मोजक्या युरोंत मिळतात. लक्झेंबर्गमध्ये तर २९ फेब्रुवारी २०२० पासून संपूर्ण देशात बस, ट्राम, रेल्वे मोफत आहे.

खाण्याचे सामान नेताना एक नियम लक्षात ठेवावा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे. आईने प्रेमाने दिलेले पेढे आणि तुपाची बरणी विमानतळावर जप्त होऊ शकते. ताजी फळे-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. केळी, नारळ, खजूर, अननस अशी मोजकी नावे त्याला अपवाद आहेत. कोरड्या चटण्या, चिवडा, तेलावरचे ठेपले हा सोयीचा शिधा.

रुपयांचे युरो करताना किती गळती?

साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परकीय व्यवहाराचे साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. सव्वा लाखाच्या खर्चावर ही गळती पाच हजारांपर्यंत जाते. हे शुल्क न घेणारी कार्डेही आहेत, ती आधी शोधावीत. फॉरेक्स कार्डात युरो भरले आणि ते चेक कोरुना किंवा हंगेरीच्या फोरिंटसाठी वापरले, तर पुन्हा चलनबदलाचे शुल्क बसते. आपल्या मार्गात या दोन्ही देशांत युरो हे चलन नाही, हे विसरू नये.

दुकानातील यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असे विचारते. रुपये ओळखीचे वाटतात, पण तिथला दर जवळपास नेहमीच महाग असतो. कायम स्थानिक चलन निवडावे. पर्यटकांच्या गल्ल्यांतील स्वतंत्र एटीएमऐवजी बँकेच्या इमारतीतील एटीएम वापरावे. रोख २००-२५० युरो पुरे. युपीआयची सवय असणाऱ्यांनी आयफेल टॉवरच्या बातमीवर विसंबू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तिकिटांसाठी युपीआय सुरू झाले, पण प्रागच्या बेकरीत ते चालेल असे धरून निघता येत नाही.

करकपातीची धास्ती मात्र बाळगायला नको. परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस लागण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपये आहे. स्वतः सगळी बुकिंग करणारा आपला प्रवासी त्याच्या आसपासही नाही. टूर कंपनीचे पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस आकारला जातो. विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो किंवा परत मिळतो.

मग पॅकेज टूरच का नको?

मराठी कुटुंबांचा युरोप बराच काळ टूर कंपन्यांच्या बसमधूनच पाहिला गेला. केसरी टूर्स १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये. सोबत मराठी बोलणारा टूर लीडर, संध्याकाळी भारतीय जेवण, व्हिसाच्या कागदपत्रांत मदत ही सोय साठीच्या आई-वडिलांसाठी मोलाची आहे. त्यांना हॉस्टेलच्या वरच्या बर्थवर चढवणे ही काटकसर नव्हे.

पण एकट्या तरुणाला पॅकेजमध्ये वेग निवडता येत नाही. आणि गंमत अशी की स्वतंत्रपणे जाणारे बरेच जण नेमका पॅकेजचाच नकाशा उचलतात. सात-आठ देश, प्रत्येकी दोन रात्री. कंपनीला तो परवडतो, कारण बस तिची असते, खोल्या घाऊक दराने घेतलेल्या असतात. एकट्याने तोच नकाशा चालवला तर प्रत्येक तिकीट किरकोळ दराने पडते. पॅकेजची धावपळ आणि बॅकपॅकिंगची गैरसोय, दोन्हींचे पैसे आपणच मोजतो.

कर्ज काढून जावे का?

अ‍ॅपवर दोन मिनिटांत ‘ट्रॅव्हल लोन’ मिळते, म्हणून हा प्रश्न. २ लाख २५ हजारांचे कर्ज १४ टक्के दराने दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,८०० रुपये आणि एकूण व्याज ३४ हजारांच्या आसपास. म्हणजे विमानाच्या निम्म्याहून जास्त भाड्याएवढे पैसे फक्त घाई केल्याबद्दल. तेच महिन्याला १२,५०० रुपये बाजूला टाकले तर १८ महिन्यांत पूर्ण रक्कम उभी राहते. शिवाय तो वाढत जाणारा खातेउतारा व्हिसासाठीही उपयोगी पडतो. सहलीसाठी सोने गहाण ठेवणे किंवा पुढच्या हंगामाच्या पिकावर उचल घेणे तर नकोच. टोमॅटोचा भाव काय करतो, हे नारायणगावच्या बाजारात उभे राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

‘तिथे जाऊन थोडे काम करू, खर्च निघेल’ असे सांगणारेही भेटतात. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. हॉस्टेलमध्ये झाडलोट करून मोफत राहणे हेही अनेक देशांत कामच मानले जाते. पकडले गेल्यास परत पाठवणी आणि पुढच्या व्हिसावर डाग.

कामांचा क्रम काय असावा?

• दीड वर्ष आधी : बचत सुरू. पासपोर्ट काढावा. पोलीस पडताळणी गावाच्या पत्त्यावर होणार असेल तर त्या दिवसांत घरी राहावे.
• सहा महिने आधी : मार्ग पक्का करावा. व्हिसा अर्ज याच टप्प्यापासून करता येतो.
• चार-पाच महिने आधी : व्हिसा केंद्राची वेळ घ्यावी. आपल्या देशाचे केंद्र पुण्यात आहे का, हे पाहावे. उन्हाळ्याच्या तोंडावर वेळा मिळत नाहीत.
• अर्ज केल्यावर : निर्णयाला साधारण १५ दिवस, काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत.
• व्हिसा हातात आल्यावरच : परतावा न मिळणारी तिकिटे, रेल्वे, हॉस्टेल.

एक दिलासाही आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाले आहेत. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरले असतील, तर पुढे दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे पहिली सहल ही शेवटची सहल नाही. सगळा युरोप एकाच फेरीत उरकण्याची गरज नाही.

थोडक्यात, सूत्र काय?

सह्याद्रीत एका दिवसात पाच किल्ले ‘मारणारे’ असतात आणि एका किल्ल्यावर मुक्काम करणारेही असतात. नंतर किल्ला कुणाला आठवतो, हे प्रत्येक ट्रेकरला माहीत आहे. युरोपात या फरकाला रुपयांत किंमत आहे, लाखाच्या पुढची. ज्यांच्या घरी हे एक लाख सहज येतात त्यांनी हवे तेवढे देश करावेत. पण जिथे तेवढ्यात ठिबकची नवी लाइन पडते किंवा धाकट्या बहिणीच्या कॉलेजचे वर्षाचे शुल्क भरले जाते, तिथून निघणाऱ्याने आधी नकाशा लहान करावा, मग जेवणात कपात करावी. देश कमी, दिवस जास्त, कर्ज शून्य आणि व्हिसाआधी पक्के तिकीट नाही. एवढे पाळले तर सव्वादोन लाखांत युरोप दिसतो आणि परतल्यावर घराच्या हिशेबाला धक्का लागत नाही.